साठ, दहा, दहा, दहा, दहा : धनंजयराव गाडगीळ आणि वाटपाचा हिशोब

खतावणी | रविवार, रात्री ९.५२

भाची एमपीएससीच्या अभ्यासाला आमच्याकडे राहायला आली आहे. परवा रात्री ओट्याशी भांडी विसळत होती आणि तोंडानं चालू होतं, "लोकसंख्या साठ, दरडोई उत्पन्न दहा, करप्रयत्न दहा, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प दहा, खास अडचणी दहा." पावकी म्हणावी तसं. मी विचारलं, साठच का गं? पन्नास का नाही? तर म्हणाली, "मामा, असं नसतं विचारत. वर्ष विचारतात."

वर्ष सांगून मोकळा होतो : १९६९, चौथी पंचवार्षिक योजना. ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांच्यासाठी आता पुढचं.

हे गाडगीळ सूत्र, केंद्राचा योजनेचा पैसा राज्यांत कसा वाटायचा याचं, म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचं. जन्म १९०१, नाशिकचा. शाळा नागपुरात, पुढे केंब्रिज. तिथला प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपानं निघाला. भारतातले उद्योग कसे घडत गेले, त्यात कारागिराचं काय झालं, असा विषय. वय तेवीस! (आमच्या वेळी तेविसाव्या वर्षी लोक तलाठ्याच्या जाहिरातीची वाट बघायचे.) परत आल्यावर थोडे दिवस मुंबई सरकारच्या अर्थखात्यात, मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य. १९३० साली पुण्यात रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तिचे हे पहिले संचालक. काळे त्यांचे सासरेच. खुर्ची सोडली ती थेट १९६६ साली.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. माझी नोकरी जिल्हा कोषागारात झाली. बिलं तपासायची, आक्षेप काढायचे, मार्चअखेरीला रात्री दोनपर्यंत बसायचं. त्यामुळे कुणी "निधी आला" म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो लेखाशीर्षाचा. कुठल्या शीर्षाखाली आला, बरोबर कुठली अट आली, आणि ३१ मार्चला उरला तर समर्पित, म्हणजे परत, करावा लागणार का. गाडगिळांपर्यंत मी या मागच्या दारानं पोचलो.

संस्थेनं सुरुवातीच्या वर्षांत काय केलं बघा. १९३३ साली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी. १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटारबसांची. पुढे पुणे शहराची, घरोघर जाऊन. जगभरचे अर्थशास्त्रज्ञ मंदीवर सिद्धांत मांडत होते तेव्हा ही मंडळी आंबा कुणाच्या हातून कुणाकडे जातो आणि बस कुठून कुठे धावते हे टिपत होती.

त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते १९४८ चं काम : गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणी. यावर जरा थांबतो.

ब्रिटिश अमदानीत कालवा फायद्यात की तोट्यात हे ठरवायची सरकारी रीत साधी होती. कालव्यावर घातलेल्या पैशाचं व्याज पाणीपट्टीतून सुटतं का? सुटलं तर कालवा उत्पादक. नाही सुटलं तर तो दुष्काळाच्या भीतीनं केलेला खर्च, म्हणजे सरकारी दृष्टीनं ओझंच. दख्खनचे कालवे या परीक्षेत गटांगळ्या खायचे. गाडगिळांच्या लोकांनी कालव्याखालची शेती आणि बाहेरची कोरडवाहू शेती शेजारी शेजारी ठेवून मोजली. पीक किती वाढलं एवढ्यावर न थांबता मजुराला काम किती मिळालं, मालाची ने-आण, व्यापार, कारखानदारी किती वाढली, तिथपर्यंत गेले. म्हणजे कालव्याचा फायदा पाणीपट्टीच्या पावतीपुस्तकात मावत नाही, तो गावभर पसरलेला असतो, आणि तो मोजता येतो.

कोषागाराच्या खिडकीआड बसणाऱ्याला हे पचायला जड जातं, खरं सांगतो. आमच्याकडे जमा म्हणजे चलनावर शिक्का. मजुराच्या घरात चूल दोन वेळा पेटली याचं चलन कुणी भरत नाही.

सरकारनं त्यांचं दरवेळी ऐकलं असंही नाही. १९४७ साली सनदी अधिकारी गोरवाला आणि गाडगीळ यांचं एक किंमत मंडळ होतं. त्यांचं म्हणणं, टंचाई आहे तोवर धान्यावरचं नियंत्रण उठवू नका. डिसेंबरात नियंत्रण उठायला लागलं, भाव भडकले, आणि पुढच्याच वर्षी ते परत आणावं लागलं.

आता सूत्राकडे. पहिल्या तीन योजनांत केंद्र राज्यांना योजनेपोटी पैसा द्यायचं तो योजनेगणिक. या कामाला इतकं अनुदान, त्या कामाला इतकं कर्ज, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. राज्याच्या मंत्र्यांना दिल्लीला खेटे घालावे लागत आणि कुणाची ओळख किती यावर बरंच अवलंबून. सगळीकडे एकाच पक्षाची सरकारं होती तोवर हे घरातलं भांडण होतं. १९६७ च्या निवडणुकीत ते संपलं. मद्रासमध्ये द्रमुक, केरळात डावी आघाडी, उत्तरेतही बरीच राज्यं काँग्रेसच्या हातून गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. दोन दुष्काळ, एक युद्ध आणि रुपयाचं अवमूल्यन यांनी चौथी योजनाच पुढे ढकलली होती. तिजोरी रिकामी आणि मागणारे आता पाहुणे राहिले नव्हते, प्रतिस्पर्धी झाले होते.

अशा वेळी मुख्यमंत्र्यांना एका टेबलाशी बसवून टक्के ठरवले गेले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढली. उरलेला पैसा बाकीच्या राज्यांत त्या साठ-दहा-दहानं. पैसा एकगठ्ठा येणार, अमुक कामाला म्हणून नाही. मला विचाराल तर टक्के काय ठरले यापेक्षा देणाऱ्याचा हात बांधला गेला हे मोठं काम. मुख्यमंत्री कुठल्या पक्षाचा आहे हे सूत्राला कळत नाही.

एप्रिल १९७१ मध्ये पद सोडलं आणि ३ मे रोजी पुण्याला परतताना रेल्वेगाडीतच गेले.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तिथे कान धरावा.


मिरगाचा_पाऊस | रविवार, रात्री १०.२०

मस्त लेख, वाचनखूण साठवली. पण गाडगीळ समिती म्हणजे ती पश्चिम घाटवालीच ना? खाणी बंद करा म्हणणारी? तेच हे?


अवलिया_बापू | रविवार, रात्री १०.४१

@मिरग, दर धाग्यावर कुणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

काकासाहेब गाडगीळ : राजकारणी, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात. यांचा या सूत्राशी संबंध नाही.
धनंजयराव गाडगीळ : हा धागा.
माधवराव गाडगीळ : पर्यावरणशास्त्रज्ञ, पश्चिम घाट समितीचे अध्यक्ष, २०११ चा अहवाल. हे धनंजयरावांचे चिरंजीव.

बापानं पाण्याचा फायदा मोजला, लेकानं डोंगराचा. दोघांच्या अहवालांवर सरकारनं काय केलं ते आपण जाणताच.


प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ७.०५

खतावणी साहेब, कालव्याचं लिहिलंत आणि कारखाना विसरलात? नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे सहन होणार नाही.

आमचं गाव लोणीपासून सायकलच्या अंतरावर. आजोबांच्या लोखंडी पेटीत सगळ्यात तळाला, जमिनीच्या खरेदीखताच्याही खाली, कारखान्याच्या शेअरचा कागद होता. घड्यांवर विरलेला. पेटी उघडली की आधी खरेदीखत बाहेर काढायचे, मग तो कागद नुसता हात लावून बघायचे आणि परत ठेवायचे. वाचायचे नाहीत, त्यांना वाचता येत नव्हतं.

प्रवरेचा तो कारखाना ३१ डिसेंबर १९५० ला सुरू झाला. अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, उपाध्यक्ष विठ्ठलराव विखे पाटील. पुण्याचा प्राध्यापक आणि लोणीचा शेतकरी. कालव्याच्या पट्ट्यात तोवर खासगी कारखाने होते. ते शेतकऱ्याची जमीन खंडानं घेऊन ऊस पिकवत. ज्याला खंडानं द्यायची नाही त्यानं गुऱ्हाळ लावायचं आणि गुळाच्या भावावर हवाला ठेवायचा. गुळाचा भाव म्हणजे जुगारच. सहकारी कारखान्यात जो नफा होईल तो उसाच्या दरात परत शेतकऱ्याकडे, ही मूळ कल्पना.

आता गाडगिळांची गरज काय होती? ऊस आमचा, जमीन आमची, शेअरही आमचे. पण कारखाना उभा करायला लागणारं मोठं कर्ज शेतकऱ्यांच्या सोसायटीला द्यायचं तर कुणीतरी खात्रीचा माणूस कागदावर हवा. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता अर्थ आणि सहकार बघत होते, ते अनुकूल होते. तरी दस्तऐवज, अंदाजपत्रक, दिल्लीच्या चकरा हे सगळं कुणी करायचं? गाडगीळ नुसते शोभेचे अध्यक्ष नव्हते, बरीच वर्षं त्या खुर्चीत बसले. अर्थशास्त्राचा प्राध्यापक काटा, रस-उतारा आणि मळीच्या विक्रीवर चर्चा करतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

आजच्या कारखानदारीबद्दल इथे लिहीत नाही. त्याला वेगळा धागा लागेल आणि संपादकांना डोकेदुखीची गोळी.


सीडी_रेशो | सोमवार, दुपारी १.३०

निवृत्त बँकवाला. माझ्या नोकरीची शेवटची सहा वर्षं गाडगिळांच्या एका कल्पनेखाली गेली आणि मला ते निवृत्तीनंतर कळलं!

१९ जुलै १९६९ ला चौदा बँका राष्ट्रीयीकृत झाल्या. त्याच वर्षी गाडगिळांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाचा अहवाल आला. त्यातला आकडा आम्हाला प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दाखवायचे : देशातल्या सुमारे सहा लाख खेड्यांपैकी जेमतेम पाच हजार खेड्यांपर्यंत व्यापारी बँका पोचलेल्या. गटानं सुचवलं ते असं, की बँकांनी शाखांची शर्यत न लावता एकेका क्षेत्राची जबाबदारी घ्यावी. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना निघाली. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं सांगतो. जिल्हाधिकारी कार्यालयातलं सभागृह. दर तिमाहीला बैठक. तिला आम्ही डीसीसी (जिल्हा सल्लागार समिती) म्हणतो आणि शेतकरी प्रतिनिधी जिल्हा मध्यवर्ती बँकेला डीसीसी म्हणतात, त्यामुळे पहिली दहा मिनिटं कोण कुणाबद्दल बोलतंय तेच कळत नाही. मग पडद्यावर तक्ता येतो : शाखा, ठेवी, कर्ज, ठेवी-कर्ज प्रमाण. ज्या बँकेचं प्रमाण पस्तीस-चाळीसच्या आत, तिचा प्रतिनिधी त्या क्षणी बिस्किटाच्या बशीकडे फार लक्ष देऊन बघायला लागतो. जिल्हाधिकारी विचारतात, "इथल्या लोकांच्या ठेवी घेता आणि कर्ज मुंबईत वाटता का?" उत्तर ठरलेलं : "सर, प्रस्तावच येत नाहीत."

एका बैठकीत मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. बचतगटाच्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा. म्हणाल्या, "हे सात महिन्यांपूर्वीचे प्रस्ताव. पोचपावतीसकट." बँकेचं नाव लिहीत नाही. सगळ्यांनी आपापल्या वह्यांत डोकं घातलं, मी पण.

धागाकर्त्याचं म्हणणं मला पटतं ते इथे. साल १९६९, माणूस तोच. राज्यांना पैसा कसा द्यायचा आणि जिल्ह्यात कर्ज कसं पोचवायचं, दोन्हीकडे प्रश्न एकच : जागा मोजा, तिथली तूट मोजा, मग कुणाची जबाबदारी ते नावानिशी लिहा. फरक इतकाच की राज्यांच्या बाबतीत पैसा हक्काचा झाला. आमच्याकडे नुसता तक्ता झाला.


वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री ८.१५

खतावणी भाऊ, लेख चांगला आहे, पण आरती जरा जास्तच ओवाळली.

लोकसंख्येला साठ टक्के म्हणजे काय? ज्याच्या घरी आधीच सगळं आहे त्यालाही माणशी तेवढंच, आणि ज्याच्या घरी विहीरही नाही त्यालाही तेवढंच. वरून चालू प्रकल्पांना दहा टक्के. चालू प्रकल्प कुणाकडे असणार? ज्यानं आधीच धरणं बांधायला घेतली त्याच्याकडे. म्हणजे ज्याच्या ताटात आहे त्यालाच वाढप. मागासपणाला मिळाले किती, तर दहा.

आमच्याकडे या खेळाची सवय आहे. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं वचन होतं. १९५६ साली घटनेत कलम ३७१(२) आलं, विदर्भ-मराठवाड्याला वेगळी विकास मंडळं देऊ करणारं. आणि १९८३ साली दांडेकर समिती नेमावी लागली, अनुशेष मोजायला. वि. म. दांडेकर म्हणजे गाडगिळांच्या नंतरचे गोखले संस्थेचे संचालक, घराणं तेच. १९८४ चा अहवाल : राज्याच्या सरासरीच्या मानानं जिल्ह्या-जिल्ह्यांत जे कमी आहे ते भरून काढायला ३१८६.७८ कोटी रुपये. त्यात सगळ्यात मोठा हिस्सा विदर्भाचा, सुमारे ३९ टक्के. वैधानिक विकास मंडळं आली १९९४ साली, दहा वर्षांनी. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

मोजमाप करणारे पुण्याचे, मोजले जाणारे आम्ही. मोजून झालं की पैसा वळतो का, हा माझा प्रश्न आहे. हात बांधला म्हणता, पण सूत्रच ज्याच्या सोयीचं आहे त्याचा हात बांधायची गरजच काय!


खतावणी | सोमवार, रात्री १०.०५

ठेचा साहेब, बरोबर जागी टोचलंत. काल रात्री भाचीला समजावायला वहीत मांडलेला हिशोब इथे उतरवतो. आकडे माझे, समजुतीपुरते.

दोन राज्यं, वाटायचे १००० रुपये. 'अ' सधन, लोकसंख्या ४० टक्के. 'ब' गरीब, ६० टक्के. लोकसंख्येचे ६०० : अ ला २४०, ब ला ३६०. दरडोई उत्पन्नाचे १०० फक्त सरासरीखालच्या राज्यांना मिळत, म्हणजे सगळे ब ला. चालू प्रकल्पांचे १०० : धरणं जास्त करून अ मध्ये, म्हणून अ ला ७५, ब ला २५. करप्रयत्न आणि खास अडचणी निम्मे-निम्मे धरू, दोघांना ५०-५० आणि ५०-५०.

बेरीज : अ ४१५, ब ५८५. माणसं साठ टक्के असून गरीब राज्याला साडेअठ्ठावन्न टक्केच! मागासपणाच्या नावानं एका हातानं दिलेले शंभर बाकीच्या हातांनी काढून घेतले.

मग साठच का? माझा अंदाज सांगतो, पुरावा मागू नका. त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना नाकारता येणार नाही असा एकच आकडा होता, जनगणनेचा. राज्याचं उत्पन्न किती यावर दोन तास भांडता येतं. डोकी मोजलेली असतात. साठ टक्के हा न्यायाचा भाग कमी आणि तडजोडीचा जास्त.

दुरुस्ती पुढे झाली. १९८० साली चालू प्रकल्पांचे दहा काढून दरडोई उत्पन्नाकडे दिले, तिथे वीस झाले. १९९१ च्या (प्रणव) मुखर्जी सुधारणेनंतर पंचवीस. म्हणजे तुमचा आक्षेप सरकारला मान्य व्हायला अकरा वर्षं लागली.


बेरीज_वजाबाकी | सोमवार, रात्री ११.३०

काका, हिशोबात एक चूक. करप्रयत्नाचे आणि खास अडचणींचे पैसे निम्मे-निम्मे केलेत तिथे लहान राज्याला तुम्हीच फुकट झुकतं माप दिलंत. दोघांची करवसुली सारख्याच तोडीची असेल तर तो पैसा माणसांच्या प्रमाणात जायला हवा, ४०-६०. तसं मांडा :

अ : २४० + ० + ७५ + ४० + ४० = ३९५
ब : ३६० + १०० + २५ + ६० + ६० = ६०५

ब ला साडेसाठ टक्के. म्हणजे लोकसंख्येच्या हिश्शापेक्षा हजारात पाच रुपये जास्त. सूत्र गरिबाच्या विरोधात नव्हतं, पण बाजूनंही जेमतेमच. १९८० नंतरचं मांडलं तर अ ३२०, ब ६८०. फरक तिथे दिसतो.

आणि करप्रयत्नाची कल्पना मला फार आवडते. कर किती गोळा केला हे न बघता उत्पन्नाच्या मानानं किती गोळा केला हे बघायचं. गरीब राज्यानं कंबर कसली तर त्यालाही गुण.


काळा_कोट | मंगळवार, सकाळी १०.१०

दोन गोष्टी राहून गेल्यात.

पहिली. हा सगळा पैसा घटनेच्या कुठल्या दारानं यायचा? कलम २८० चं दार वित्त आयोगाचं. तो घटनात्मक, दर पाच वर्षांनी नेमायचा, करांतला हिस्सा ठरवायचा. नियोजन आयोगाचा मात्र घटनेत उल्लेखच नाही. १९५० च्या एका ठरावानं जन्मलेला. त्याच्या शिफारशीचा पैसा यायचा तो कलम २८२ मधून, म्हणजे कुठल्याही सार्वजनिक कारणासाठी अनुदान देता येईल एवढंच सांगणाऱ्या कलमातून. देणं ऐच्छिक, घेणाऱ्याला कोर्टात जाता येत नाही. गाडगीळ सूत्रानं या ऐच्छिक पैशाला हक्काचं रूप दिलं खरं, पण कायदा न करता, संमतीवर.

दुसरी. "मिळाला" म्हणता त्यातलं अनुदान किती? साधारण राज्यांना तीस टक्के अनुदान, सत्तर टक्के कर्ज. विशेष दर्जाच्या, म्हणजे आसाम-नागालँडसारख्या, राज्यांना नव्वद आणि दहा. राज्यांच्या डोक्यावरचं केंद्राचं कर्ज असंही वाढलं. रंगराजन यांच्या बाराव्या वित्त आयोगानं सांगितलं, केंद्रानं मध्ये पडू नये, राज्यांनी कर्ज बाजारातून उभारावं, तेव्हा हा प्रकार थांबला.

खतावणी, तुम्ही कोषागारातले. हे तुम्ही कसे विसरलात?


खतावणी | मंगळवार, दुपारी ३.४०

विसरलो नाही हो, लाजलो. कर्जाचं शीर्ष ६००४, केंद्राकडून कर्जे आणि आगाऊ रकमा. पाठ आहे अजून.

तुमच्या पहिल्या मुद्द्याला पुरवणी. सूत्राबरोबर आणखी एक गोष्ट ठरली होती आणि तीच मोडली. केंद्रपुरस्कृत योजना, म्हणजे केंद्रानं आखलेल्या आणि राज्यांनी राबवायच्या, त्यांचा पैसा राज्यांच्या योजनांना मिळणाऱ्या केंद्रीय मदतीच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त असू नये, असं पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांच्या राष्ट्रीय विकास परिषदेत ठरलं. सूत्र टिकलं, एकषष्ठांश टिकला नाही. सूत्रानं बांधलेला हात दुसऱ्या खिशात गेला.

माझी सगळी नोकरी त्या दुसऱ्या खिशात झाली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात केंद्राचा हप्ता यायचा. राज्य हिश्शाची तरतूद बीडीएसवर (निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर) दिसायची मार्चच्या मध्याला. आणि २९ तारखेला एखादा कनिष्ठ अभियंता घामाघूम होऊन बिल घेऊन खिडकीशी, "साहेब, आक्षेप काढू नका, नाही तर उपयोगिता प्रमाणपत्र जाणार नाही आणि पुढचा हप्ता अडकेल." एकदा असा आक्षेप मी काढला. मोजमाप पुस्तिकेत खाडाखोड होती. पैसा व्यपगत झाला, म्हणजे मुदतीबरोबर गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावाला टँकर गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. आक्षेप बरोबर होता, आजही तोच काढीन. पण ते कात्रण मी ठेवलंय.


मिरगाचा_पाऊस | मंगळवार, सायंकाळी ६.०२

अवांतर : पगारातून दोनशे रुपये व्यवसाय कर कापतात तो मूळ १९७५ साली रोजगार हमीसाठी लावला, हे मला आज इथल्या चर्चेमुळे शोधताना कळलं. वीस वर्षं कापून घेतेय आणि शिव्या देतेय. शिव्या थोड्या मागे घेते.


भाचीच_ती | मंगळवार, रात्री ९.१५

नमस्कार. या धाग्यासाठी खातं उघडलं. मामानं माझी भांडी आणि पाढा दोन्ही जगजाहीर केलं आहे, तर थोडं मीही बोलते.

१ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला आणि नियोजन आयोगाबरोबर हे सूत्रही गेलं. ते आम्हाला "इतिहास" म्हणून आहे. आता वाटपाचा मोठा भाग वित्त आयोगाकडे. केळकरांच्या तेराव्या आयोगात राज्यांचा हिस्सा ३२ टक्के, रेड्डींच्या चौदाव्यात ४२, पंधराव्यात ४१.

आणि पंधराव्या आयोगाचे निकष बघा : लोकसंख्या १५, क्षेत्रफळ १५, वनं-पर्यावरण १०, उत्पन्नातलं अंतर ४५, लोकसंख्या नियंत्रणातली कामगिरी १२.५, करप्रयत्न २.५. साठाचे पंधरा झाले. ठेचा काकांना हवं होतं ते पंचेचाळीस टक्क्यांनी आलं. आता ओरड दक्षिणेकडून आहे, की आम्ही लोकसंख्या आटोक्यात ठेवली, उत्पन्न वाढवलं, म्हणून आमचा हिस्सा कमी. २०११ ची जनगणना धरल्यामुळे तर जास्तच. पूर्वी बरीच वर्षं १९७१ चीच लोकसंख्या धरत.

मामा, तू विचारलंस साठच का. मी विचारते, अडीचच का? बेरीज_वजाबाकी यांना आवडलेला करप्रयत्न दहावरून अडीचवर का आला? हेही परीक्षेत विचारत नाहीत.


सीडी_रेशो | मंगळवार, रात्री ९.५०

भाचीबाई, मुलाखतीत हे असंच विचारा. पॅनेल बिस्किटांकडे बघायला लागेल.


वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, रात्री १०.२५

पंचेचाळीस आले हो, पण ते मुंबईपर्यंत. महाराष्ट्र उत्पन्नात वरचा, म्हणून दिल्लीच्या हिशोबात आपला हिस्सा कमी. ठीक आहे, न्यायाचं आहे. पण त्या श्रीमंत सरासरीत गडचिरोलीही मोजली जाते आणि मुंबईही. दिल्ली म्हणते तुम्ही श्रीमंत, मुंबई म्हणते तुम्ही थांबा.

राज्यातल्या असमतोलावरच्या केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरला, ते मला पटतं. जिल्ह्याच्या सरासरीतही तालुके बुडतात. आमच्या तालुक्याला जिल्ह्याच्या गावातल्या शोरूम कशाला मोजता?


प्रवराकाठ | मंगळवार, रात्री १०.५८

@ठेचा, आमच्या "सधन" जिल्ह्यातही पाथर्डी-जामखेडचे लोक दर वर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. कालव्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला जमीन आसमानाचा फरक. तेव्हा तालुका धरा, पण तालुक्यातही कालवा कुठून जातो ते विचारा.


खतावणी | बुधवार, सकाळी ६.३०

बेरीज_वजाबाकी यांची दुरुस्ती मान्य. माझ्या सोमवारच्या प्रतिसादात ४१५ / ५८५ असं आहे ते ३९५ / ६०५ वाचावं. संपादित करता येत होतं, पण खोडलेला आकडा दिसायला हवा, जुनी सवय.

प्रवराकाठ, तो शेअरचा कागद अजून असेल तर फोटो टाका. नाव-क्रमांक झाकून.

ठेचा साहेब, तालुक्याचं उत्पन्न मोजणार कसं, यावर वेगळा धागा काढा. मी येतो. भाचीला अडीचचं उत्तर अजून दिलेलं नाही. काल रात्रीपासून ती त्या पंधराव्या आयोगाचा अहवालच घेऊन बसली आहे, आणि ओट्याशी मी आहे.